आमची भाकर आणि माझी उन्नति

हल्लीं आमच्या सुशिक्षित घरांतून एक नवें व्रत बोकाळलें आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशीं सुरेखशी वही आणावयाची, तिच्या पानांवर रकाने आखावयाचे, आणि प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर एकेक सद्गुण लिहावयाचा : पहाटे पांचास उठणें, कोमट पाणी पिणें, ठरलेलीं पावलें चालणें, साखर वर्ज्य करणें, दहा मिनिटें ध्यान करणें, रात्रीं दहाच्या आंत निजणें. ज्यांना वहीचा कंटाळा आहे त्यांच्यासाठीं मनगटावरचें घड्याळ पावलें मोजतें आणि संध्याकाळीं मोबाइल शाबासकी देतो. आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या घरींही ही वही पोहोंचली आहे. तेथें पाणी आणि व्यायाम यांच्या मधल्या रकान्यांत शास्त्रवाचन व प्रार्थना यांनाही जागा मिळाली आहे. महिनाअखेर सर्व रकाने भरले म्हणजे मनुष्य समाधानानें म्हणतो कीं, या महिन्यांत माझी चांगली प्रगति झाली.

या सवयींची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. लवकर उठणें, बेताचें खाणें, अंगमेहनत करणें, वेळेवर निजणें या गोष्टी चांगल्या आहेत हें आमच्या आज्यांनाही ठाऊक होतें. आणि ज्या घरांत मधुमेह व रक्तदाब हे बिऱ्हाडकरूंसारखे कायमचे राहावयास आले आहेत, त्या घरांना तर त्या आवश्यकच आहेत. आमचा आक्षेप रकान्यांवर नाहीं. वहीच्या पहिल्या पानावर जें शीर्षक असतें त्यावर आहे. तें शीर्षक 'माझी उन्नति' असें असतें. या शीर्षकाखालीं ख्रिस्ताचें नांव घालणें हा त्या नांवाचा दुरुपयोग आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि तें आम्ही येथें मांडणार आहों.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट सांगतों, म्हणजे आम्ही दुसऱ्यांस उपदेश करावयास बसलों आहों असा कोणाचा ग्रह होणार नाहीं. वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यानें सकाळीं फिरावयास जाणाऱ्या मंडळींपैकीं आम्हीही एक. एके दिवशीं फिरून आल्यावर घड्याळांतला पावलांचा आकडा आम्ही मोठ्या कौतुकानें घरच्यांस दाखवीत होतों. तेवढ्यांत भांडीं घासावयास येणारी बाई दारांत आली. ती आपल्या वस्तींतून पायीं येते, चार घरचीं कामें उरकते आणि पायींच परतते. तिनें तो आकडा ऐकला आणि अगदीं सरळ मनानें विचारलें, "एवढं चालून कुठं गेलते जी?" आम्ही कोठेंच गेलों नव्हतों. जेथून निघालों तेथेंच परत आलों होतों. त्या प्रश्नाला आमच्यापाशीं तेव्हां उत्तर नव्हतें, आणि या लेखाचा सारा विषय तोच प्रश्न आहे.

उत्तर शोधण्यासाठीं परमुलखांत जाण्याचें कारण नाहीं. फिरावयास जाणाऱ्या मंडळींस बापूकुटी ठाऊक आहे, पवनारचा विनोबांचा आश्रम ठाऊक आहे. परंतु वर्ध्यांतल्याच मगनवाडींत एक निष्ठावंत ख्रिस्ती गृहस्थ वर्षानुवर्षें राहिला आणि त्यानें श्रद्धा व रोजची सवय यांचा सांधा कसा जुळवावा हें करून दाखविलें, याची आठवण फार थोड्यांना आहे. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे सन १८९२ मध्यें तंजावर येथें एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबांत जन्मले. लंडनमध्यें हिशेबतपासणीचें शिक्षण घेऊन त्यांनीं मुंबईंत तो धंदा चालविला. पुढें अमेरिकेंत जाऊन कोलंबिया विद्यापीठांत सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला. विलायती पोषाख, विलायती राहणी, उत्तम मिळकत, असा सारा थाट होता. परंतु हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब तपासतां तपासतां या हिशेबनिसाला स्वतःच्या जमाखर्चाची लाज वाटूं लागली. सन १९२९ मध्यें ते गांधीजींना भेटले. आणि सन १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हां त्याची धुरा त्यांच्या खांद्यावर आली. जमनालाल बजाजांनीं दिलेल्या बागेंत, जिला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हें नांव मिळालें, तेथें त्यांचा संसार म्हणजे घाण्या, जातीं, चुली, मधमाश्यांच्या पेट्या आणि हातकागदाचे साचे हा झाला. त्यांनीं लग्न केलें नाहीं.

मगनवाडींतही सवयींचा आग्रह होताच. काय खावें, केव्हां उठावें, अंगमेहनत किती करावी, संडास कसा स्वच्छ ठेवावा, या गोष्टींचा तेथें जेवढा काथ्याकूट झाला तेवढा आजच्या कोणत्याही आरोग्यमासिकांत होत नसेल. मग आमच्या वहींत आणि मगनवाडीच्या दिनचर्येंत फरक तो काय? तांदळाचें एकच उदाहरण घेऊं. तांदूळ गिरणींत पांढराशुभ्र होईपर्यंत घासला म्हणजे वरचा कोंडा व अंकुर निघून जातो, आणि त्यांतलें ब-१ जीवनसत्त्व बहुतेक नाहींसें होतें. गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस जावा बेटांत आयकमन या डच डॉक्टरास असें आढळून आलें कीं, सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंडा दिला म्हणजे त्या बऱ्या होतात. पुढें सन १९२९ मध्यें त्याला या कामासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणून हातसडीचा तांदूळ खावा, एवढें आमच्या वहीलाही मान्य आहे. परंतु आमची वही येथें मिटते, आणि मगनवाडीचा हिशेब येथून सुरू होई. हा तांदूळ पूर्वीं कोण कांडीत असे? गिरणी आल्यावर त्या बाईची मजुरी कोठें गेली? गिरणीचा नफा कोणत्या गांवीं गेला? एकाच घासांत खाणाराचें आरोग्य आणि कांडणारणीची भाकर हीं दोन्हीं सांपडलेलीं आहेत, आणि पहिल्याचा विचार करून दुसरी विसरणें हा अर्धवट हिशेब आहे, ही त्या जुन्या हिशेबतपासनिसाची दृष्टि होती.

तेलघाणीचें तेंच, गुळाचें तेंच, आणि चुलीचेंही तेंच. मगनवाडींत धूर कमी करणारी मगनचूल तयार झाली ती जेवणाराच्या प्रकृतीसाठीं नव्हे. जेवणारा ओसरीवर बसलेला असतो. धूर रांधणारीच्या डोळ्यांत जातो. आहारशास्त्रावर आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे, परंतु जेवणाची सवय सुधारतांना रांधणारीच्या डोळ्यांकडे पाहणारे थोडे.

कुमारप्पांची ही दृष्टि त्यांच्या अर्थशास्त्रांतून आली कीं त्यांच्या धर्मांतून, असा प्रश्न कोणी करील. याचें उत्तर त्यांच्या तुरुंगवासानें दिलें आहे. बेचाळीसच्या चळवळीनंतर कारावासांत असतांना त्यांनीं दोन पुस्तकें लिहिलीं आणि तीं सन १९४५ च्या सुमारास प्रसिद्ध झालीं. एक येशूच्या आचरणाविषयीं व उपदेशाविषयीं, दुसरें टिकाऊ अर्थव्यवस्थेविषयीं. दोहोंनाही गांधीजींनीं प्रास्ताविक शब्द लिहिले. ज्या मनुष्यानें ख्रिस्ताविषयीं आणि घाणीविषयीं एकाच कारावासांत लिहिलें, त्याच्या मनांत हे दोन निरनिराळे विषय नव्हते, हें उघड आहे.

आतां मूळ शास्त्राकडे वळूं. ख्रिस्तानें शिष्यांना जी प्रार्थना शिकविली ती आमच्या अख्रिस्ती वाचकांपैकीं मिशनच्या शाळांत शिकलेल्या पुष्कळांनाही तोंडपाठ असेल. तींत 'मी' आणि 'माझें' हे शब्द एकदाही येत नाहींत. पिता आमचा आहे, अपराध आमचे आहेत, आणि मागावयाची ती भाकरही आमची आहे, तीही फक्त आजच्यापुरती. मराठी भाषांतरकारांनीं येथें 'भाकर' हा शब्द घातला हें आम्हां वर्धेकरांस विशेष गोड वाटतें. कारण ज्वारीची भाकर ही एकट्यानें खाण्याची वस्तुच नाहीं. निंदणारी, कापणारा, दळणारी, थापणारी, इतक्यांचे हात लागल्यावांचून ती ताटांत येत नाहीं. जो मनुष्य पहाटे उठून ही प्रार्थना म्हणतो आणि मग 'माझी उन्नति' या शीर्षकाखालीं तिच्या रकान्यांत बरोबरची खूण करतो, त्यानें आपण काय म्हटलें हें ऐकलें नाहीं, एवढेंच आम्ही म्हणूं.

तीच गोष्ट त्या प्रसिद्ध दृष्टांताची. यरीहोच्या वाटेवर लुटला गेलेला मनुष्य अर्धमेला पडला होता. याजक आला आणि बाजूनें निघून गेला, लेवी आला आणि बाजूनें निघून गेला. परक्या जातीचा शोमरोनी मात्र थांबला. आम्हांस असें वाटतें कीं, तो याजक कांहीं दुष्ट मनुष्य नसावा. तो नियमित असावा. त्याची पूजाअर्चा वेळेवर होत असावी, आहार सात्त्विक असावा, चाल झपाझप असावी. फक्त त्याच्या दिनचर्येंत वाटेवरच्या जखमी माणसासाठीं रकाना नव्हता.

यावर तीन बाजूंनीं आक्षेप येतील, आणि तिघांसही उत्तर देणें आम्हांस प्राप्त आहे.

पहिला आक्षेप भाविक ख्रिस्ती मंडळींचा. ते म्हणतील, तारण हें कृपेनें होतें, तांदळानें होत नाहीं. आत्म्याचा विषय सोडून तुम्ही पोटाचा आणि चुलीचा विषय काय मांडिला आहे? आमचें उत्तर असें कीं, शुभवर्तमानांत येशूच्या ज्या सवयी नोंदल्या आहेत त्या बहुतेक शरीराच्याच आहेत. तो पहाटे अंधार असतांना उठून एकांतीं प्रार्थनेस जाई खरा. परंतु त्या पहाटेनंतर तो गांवोगांव फिरला आणि त्यानें कुष्ठरोग्याला हात लावला. याईराच्या मुलीस उठविल्यावर, सारे आश्चर्यानें थक्क झाले असतां, त्यानें सांगितलें काय, तर मुलीस कांहीं खावयास द्या. शेवटच्या रात्रीं त्यानें शिष्यांचे पाय धुतले, आणि तें काम त्या काळीं घरांतल्या चाकराचें होतें. कृपा ही जर खरोखर मिळाली असेल तर ती हातापायांत उतरल्यावांचून राहणार नाहीं. वर्ध्यास लागून असलेल्या सिंदी गांवीं सन १९३५ मध्यें मगनवाडीची मंडळी बादल्या घेऊन रस्त्यावरचा मैला काढावयास जात असे. तींत हिंदू होते, आणि इंग्लंडमध्यें ख्रिस्ती संस्कारांत वाढलेल्या मीराबेन तर त्या गांवांत राहावयास गेल्या. पाय धुण्याचा धडा देवळांत वाचणें सोपें आहे. सिंदीच्या रस्त्यावर तो गिरविला गेला.

दुसरा आक्षेप आधुनिकांचा. ते म्हणतील, आधीं आपली प्रकृति, आपलें मन ठीक करावें. मग जगाकडे पाहावें. आमच्या वाडवडिलांनीं 'आधीं पोटोबा, मग विठोबा' ही म्हण केली, तींत निदान प्रामाणिकपणा होता. विठोबा मागें राहिला हें ती कबूल करीत होती. आजच्या आत्मोन्नतीनें विठोबालाच पोटोबाचें पाचक करून टाकिलें आहे. ध्यान कशासाठीं, तर झोंप चांगली लागावी म्हणून. प्रार्थना कशासाठीं, तर मन शांत राहून कामांत यश यावें म्हणून! आणि हें 'आधीं' कधीं संपत नाहीं. वजन उतरलें म्हणजे कंबर, कंबर झाली म्हणजे झोंप, झोंप झाली म्हणजे स्मरणशक्ति. कोठारें मोडून मोठीं कोठारें बांधणाऱ्या त्या धनवानाची कथा येशूनें सांगितली आहे. पुष्कळ वर्षांची बेगमी झाली असें तो मनाशीं म्हणाला आणि त्याच रात्रीं त्याचा प्राण मागितला गेला. धान्याऐवजीं आरोग्य सांठविलें म्हणून कथेचा शेवट बदलत नाहीं.

याउलट राजकुमारी अमृत कौर यांचें उदाहरण पाहा. कपूरथळ्याच्या राजघराण्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत त्या वाढल्या, विलायतेंत शिकल्या, टेनिस उत्तम खेळत. स्वतःची उन्नति करून घेण्यास त्यांना काय कमी होतें? त्यांनीं राजवाडा सोडून सेवाग्रामची साधी राहणी पतकरली, गांधीजींच्या चिटणीस म्हणून कित्येक वर्षें राबल्या, तुरुंगांत गेल्या. सन १९४७ मध्यें त्या स्वतंत्र हिंदुस्थानच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या आणि दहा वर्षें तें पद त्यांनीं सांभाळलें. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सन १९५६ मध्यें उभी राहिली ती त्यांच्या खटपटीनें. आपल्या निरोगी शरीराचा आणि शिस्तीचा हिशेब दुसऱ्यांच्या आजारपणाच्या खात्यावर कसा मांडावा, हें त्यांच्याकडून शिकावें. सेवाग्रामींच सिंहलद्वीपांतून आलेले ख्रिस्ती शिक्षक आर्यनायकम् यांनीं पत्नी आशादेवींसह नयी तालीमची शाळा चालविली. तेथें मुलांना स्वच्छता आणि आरोग्य शिकविलें जाई तें आंगण झाडून, संडास साफ करून आणि सर्वांसाठीं स्वयंपाक करून. मुलाचे हात स्वच्छ असावेत हें खरेंच; पण ते कोणाच्या उपयोगीं पडतात, हाही त्या शाळेचा एक पाठ होता.

तिसरा आक्षेप आमच्या हिंदू वाचकांचा असेल. ते म्हणतील, वर्धा ही गांधी-विनोबांची; तिचें श्रेय ख्रिस्ताच्या पदरीं कां बांधतां? श्रेयाची वाटणी करण्यास आम्ही बसलों नाहीं. गांधीजींनीं गिरिप्रवचन आपलें मानलें, विनोबांनीं ख्रिस्ती धर्माचें सार काढून पुस्तक केलें. तेथें कोणी कुंपण घातलें नव्हतें. परंतु ख्रिस्ती म्हणजे टेबलखुर्ची, पाव आणि पाटलोण, हा जो समज आमच्या मध्यमवर्गांत अद्याप घर करून आहे तो मात्र येथें सोडावयास हवा. नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ताची भक्ति अभंगांत गाइली. पंडिता रमाबाई सन १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत फिरल्या आणि उपाशी मुली उचलून घेऊन गेल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्या मुलींना प्रार्थनेबरोबर विणकाम, छपाई आणि शेतीही शिकविली गेली. कुमारप्पांनीं तर कॉर्नेलियस हें आडनांव मागें ठेवून घराण्याचें देशी नांव घेतलें, खादीचे कपडे केले, आणि सन १९३० च्या सत्याग्रहांत, ख्रिस्ताचे अनुयायी म्हणविणारांनीं अहिंसेच्या बाजूस उभें राहावें, असें मिशनऱ्यांना बजावलें. तेव्हां चर्चमधील वरिष्ठांशीं त्यांचा खटका उडाला. श्रद्धा ही ज्याला केवळ मनःशांतीचें साधन वाटते, तो असला खटका ओढवून घेत नाहीं.

एक गोष्ट मात्र आम्हांस झांकून ठेवावयाची नाहीं. इतकें नियमित, इतकें संयमी आयुष्य काढूनही कुमारप्पांना रक्तदाबानें वर्षानुवर्षें छळलें. सन १९५० नंतर त्यांनीं याच जिल्ह्यांत सेलडोह येथें शेतीचा प्रयोग केला, पुढें ते दक्षिणेंत गेले, आणि ३० जानेवारी १९६० रोजीं अडुसष्टाव्या वर्षीं मद्रासेस वारले. ज्या ग्रामोद्योगांसाठीं त्यांनीं जन्म वेंचला ते गिरणीपुढें टिकले नाहींत. आज ते पाहावयास मगन संग्रहालयांत जावें लागतें. चांगल्या सवयींच्या मोबदल्यांत दीर्घायुष्य आणि यश, हाच जर सौदा असेल, तर कुमारप्पा त्यांत बुडाले असें म्हणावें लागेल. आमची वही त्यांना पास करणार नाहीं. परंतु ज्याच्या वधस्तंभाची खूण ख्रिस्ती मनुष्य गळ्यांत घालतो, तो तर तेहतिसाव्या वर्षाच्या आसपास मेला. त्यालाही ती वही पास करणार नाहीं. तेव्हां वही चुकते आहे, कीं ख्रिस्त चुकला, याचा निकाल वहीच्या मालकानें एकदां लावावा.

मग सुज्ञ वाचक विचारतील, आम्हीं करावें तरी काय? वही फाडून टाकावी असें आम्ही म्हणत नाहीं. पहाटे उठावेंच, फक्त त्या मिळविलेल्या तासांत घरांतल्या कोणाची झोंप वाढते का तें पाहावें. कोंडा ठेवलेलें अन्न खावेंच. त्याबरोबर तें पिकविणाराला काय मिळालें याची चौकशी करावी. आपला संडास आपण धुवावा. त्यांत व्यायामही होतो, आणि एका मनुष्याचा कमीपणा थोडा तरी सरतो. कामाच्या बाईस आठवड्याची एक भरपगारी सुट्टी द्यावी, आणि त्या दिवशीं भांडीं स्वतः घासावीं. उपास करावा तर त्या जेवणाचें धान्य कोठें पोहोंचलें तेंही वहींत लिहावें. आणि रोजची रपेट एखाद्या आजाऱ्याच्या, एखाद्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या दारापर्यंत न्यावी.

आमच्या घरीं असें ठरलें आहे. पंधरवड्यापासून आम्ही सेवाग्रामच्या रस्त्यानें अर्ध्यावरून परत फिरत नाहीं. तेथल्या इस्पितळांत दूरदूरच्या खेड्यांतून आलेले रोगी आणि त्यांच्यापाशीं बसलेलीं माणसें असतात. कोणाला चिठ्ठी वाचून दाखविणें, कोणाला खिडकी दाखविणें, कोणासाठीं औषध आणणें, एवढेंच काम होतें. पावलें पूर्वींइतकींच भरतात, किंबहुना थोडीं अधिकच. परवां त्या बाईनें पुन्हां विचारलें, तेव्हां आम्हांस कोठें गेलों होतों तें सांगतां आलें.